मास्टर पासवर्ड? कागदावर लिहा!

आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना नुसतंच भांडायचंय त्यांना खालचं सगळं वाचायची तसदी नको. आपल्या पासवर्ड मॅनेजरचा मास्टर पासवर्ड कागदावर लिहा. स्वच्छ अक्षरात, अख्खाच्या अख्खा. तो कागद घरात नीट ठेवा आणि कुठे ठेवलाय हे निदान एका माणसाला सांगा.

हुश्श! म्हटलं एकदाचं. आता "पासवर्ड कुठेही लिहू नये" संप्रदायाच्या मंडळींनी खुशाल बाह्या सरसावून यावं. आमच्या नात्यात या संप्रदायाचे किमान तीन अनुयायी आहेत, तिघंही आयटीवाले, आणि हे वाचून आज रात्री फोन येणार हे मला ठाऊक आहे. येऊ दे.

ज्यांना ही भानगडच माहीत नाही अशा मावश्या-आत्यांसाठी थोडक्यात सांगते. पासवर्ड मॅनेजर म्हणजे किल्ल्यांचे जुडगे ठेवायची पेटी. बँक, वीजबिल, रेल्वेचं तिकीट, मेल, नातवाच्या शाळेचं ॲप... प्रत्येकाला वेगळा, लांबलचक, कुणाच्या बापाला पाठ होणार नाही असा पासवर्ड ती पेटीच बनवते आणि सांभाळते. आपण लक्षात ठेवायचा फक्त पेटीचा पासवर्ड. तोच मास्टर पासवर्ड. कीपास, बिटवॉर्डन, वनपासवर्ड ही त्यातली नावाजलेली मंडळी. कल्पना फार चांगली आहे. मी बरीच वर्षं वापरते आणि भेटेल त्याला वापरायला लावते. त्यामुळे माझं भांडण पेटीशी नाही. पेटी देताना सोबत जो सल्ला दिला जातो ना, "आणि हा एक पासवर्ड मात्र कुठेही लिहून ठेवू नका हं", त्याच्याशी आहे.

हा सल्ला आला कुठून? ऑफिसातून. मॉनिटरला पिवळी चिठ्ठी चिकटवलेली आणि त्यावर पासवर्ड. येणारा-जाणारा, चहावाला, कुरिअरवाला, सगळ्यांना दर्शन. दुसरं उदाहरण एटीएमचं. कार्डाच्या पाकिटावरच पिन लिहिलेला, पाकीट गेलं की सगळंच गेलं. तिथे हा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. पण तोच उचलून मास्टर पासवर्डला लावणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

कारण पिन विसरलात तर मागे बँक उभी आहे, ती दुसरा देते. मेलचा पासवर्ड विसरलात तर खाली निळ्या अक्षरांत "विसरलात का?" असं विचारणारं कुणीतरी आहे. मास्टर पासवर्डच्या मागे कुणी उभं नाही. ज्या कंपनीची पेटी आहे तिलाही तो माहीत नसतो. ही त्यांची चूक किंवा आळस नव्हे, मुद्दामच तसं केलेलं आहे. तुमच्या पासवर्डपासून तुमच्याच फोनवर किंवा कॉम्प्युटरवर एक किल्ली तयार होते, तिने पेटी बंद होते, आणि कंपनीकडे जाते ती बंद पेटी. २०२२ मध्ये लास्टपास या कंपनीकडून चोरांनी ग्राहकांच्या अशा पेट्यांच्या प्रतीच पळवल्या. तेव्हा ज्यांचे मास्टर पासवर्ड भक्कम होते त्यांच्या पेटीतले पासवर्ड त्या भक्कमपणामुळेच वाचणार होते. म्हणजे कंपनीला पासवर्ड माहीत नसणं हेच आपलं संरक्षण. पण त्याचीच दुसरी बाजू ही, की तुम्ही विसरलात तर कस्टमर केअरला कितीही रडून सांगा, ते फार तर सहानुभूती देतील.

(काही सेवांमध्ये घरातल्या एखाद्याला आधीच नेमून ठेवता येतं, ठरलेले दिवस वाट पाहून त्याला पेटी उघडता येते. छान सोय आहे, जरूर करा. पण ती आधी करून ठेवावी लागते. शिवाय त्या नेमलेल्या माणसालाही स्वतःचा मास्टर पासवर्ड आठवावा लागतो!)

"पण रोजचा पासवर्ड मी कसा विसरेन?" असं विचारणारे भेटतात. अहो, रोज टाइप करतो कुठे आपण तो? फोनवर अंगठा लावला की पेटी उघडते. पासवर्ड लागतो तो फोन बदलला, बिघडला किंवा चोरीला गेला की. म्हणजे नेमका गडबडीच्या वेळी, आणि मधे सहा-आठ महिने गेलेले. पहिलं अक्षर मोठं होतं की दुसऱ्या शब्दाचं? शेवटी उद्गारचिन्ह होतं की आकडा? ही अवस्था धडधाकट माणसाची. आजारपण, भूल, अपघात, पक्षाघात, किंवा नुसतं वाढलेलं वय, यातलं काही आलं तर आठवणीवर किती भरवसा ठेवायचा? आपण गॅस बंद केला का हे बघायला जिना चढून परत येणारी माणसं आहोत.

आता तज्ज्ञ. "तज्ज्ञ लिहू नका म्हणतात" हे वाक्य फेकणाऱ्यांना माझा प्रश्न असतो, कुठले तज्ज्ञ? ब्रूस श्नायर हे या क्षेत्रातलं फार मोठं नाव. पासवर्ड सेफ नावाचा पासवर्ड मॅनेजर ज्यांनी बनवला तेच हे. त्यांनी २००५ सालीच सरळ लिहिलं होतं की पासवर्ड चांगला लांब निवडा, कागदावर लिहा आणि पाकिटात ठेवा, कारण कागदाचे महत्त्वाचे कपटे सांभाळायची आपल्याला सवय असते. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या जेस्पर योहान्सननेही एका परिषदेत हेच मांडलं. आणि वनपासवर्डवाले तर खातं उघडल्यावर छापून घ्यायला एक कागदच देतात, "इमर्जन्सी किट" नावाचा. नव्या मशीनवर लागणारी सीक्रेट की त्यावर असते आणि पासवर्ड हाताने लिहायला रिकामी जागा असते. कुलूप बनवणारेच म्हणतायत लिहा, आणि आमचे शेजारी म्हणतायत छे छे!

नियम म्हणून सांगितलेली प्रत्येक गोष्ट वेदवाक्य नसते, हेही एकदा झालंच आहे. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला, त्यात एक आकडा, एक चिन्ह, एक मोठं अक्षर घाला, हा जाच ज्या अमेरिकन सरकारी दस्तऐवजातून जगभर पसरला तो २००३ चा. तो लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो असं वॉल स्ट्रीट जर्नलला सांगितलं. त्याच वर्षी त्या संस्थेने, एनआयएसटीने, नियम बदललेही. आपल्याकडची ऑफिसं अजून बदलायला लावतात ते सोडा.

असो. हे सगळं मी इतक्या तावातावाने का लिहितेय ते आता सांगते.

माझे धाकटे काका नाशिकला असत. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. टापटीप म्हणजे किती, तर घरात एक निळी फाइल होती. घराची कागदपत्रं, एलआयसीच्या पॉलिसी, गॅसचं पुस्तक, बँकांची यादी, मृत्युपत्र, सगळं तिच्यात, आणि पहिल्या पानावर अनुक्रमणिका! निवृत्तीनंतर त्यांनी कुलवृत्तांताचं काम अंगावर घेतलं. कोकणातल्या मूळ गावी खेपा घातल्या, म्हाताऱ्या माणसांना बोलतं केलं, रेकॉर्डिंग केली, मोडीतले कागद स्कॅन केले. आमच्या आजीने, म्हणजे त्यांच्या आईने, जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या त्याही त्यात आहेत. आजी त्यानंतर वर्षभरात गेली. हे सगळं एका डिस्कवर. त्यात लोकांच्या जमिनींचे कागद आणि पत्ते होते म्हणून काकांनी ती डिस्क एन्क्रिप्ट केली, कारण दुसऱ्याची माहिती आपल्या हातून बाहेर जाऊ नये. डिस्कचा पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये. आणि मॅनेजरचा पासवर्ड काकांच्या डोक्यात.

२०२३ च्या डिसेंबरात काका झोपेतच गेले.

बँकेचं, पेन्शनचं, पॉलिसीचं काम काही महिन्यांत उरकलं. नॉमिनी होते, मृत्यूचा दाखला होता, रांगा लावल्या, सह्या केल्या, झालं. फोनचा पिन काकूला माहीत होता, त्यामुळे फोनही उघडला. पण मधल्या काळात तो बंद पडून पुन्हा चालू झालेला. मॅनेजरने मास्टर पासवर्ड मागितला. तेव्हा चुलतभावाने निळी फाइल काढली. अनुक्रमणिकेत ओळ होती, संगणकाचे पासवर्ड. त्या पानावर काकांच्या सुंदर अक्षरात एकच वाक्य: "सुरक्षेच्या कारणास्तव लिहून ठेवलेले नाहीत."

काकांचं काय चुकलं? काहीही नाही. सांगितलेला सल्ला त्यांनी पाळला, एवढंच. डिस्क काकूच्या कपाटात आहे. गणपतीला सगळे जमले की कुणालातरी काहीतरी सुचतं. गाडीचा नंबर, कुलदैवताचं नाव, लग्नाची तारीख. डिस्क बधत नाही. बधणारही नाही, काकांनी पासवर्ड नीटच निवडला असणार. गेल्या खेपेला काकू म्हणाली, "मला ते कागद नकोत गं, पण सासूबाईंचा आवाज ऐकायला मिळाला असता." यावर त्या संप्रदायाच्या तिघांपैकी एकालाही उत्तर सुचलं नाही.

आपल्याकडे पैशांच्या बाबतीत कायदा निदान मागे लागतो. दहा वर्षं कुणी न मागितलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, आणि त्या शोधायला २०२३ पासून उद्गम नावाचं पोर्टल आहे. वारस नंतरही मागू शकतात. ओव्यांना असं पोर्टल नाही. गूगलने २०१३ पासून आपल्या पश्चात खातं कुणाला द्यायचं ते नेमायची सोय ठेवली आहे, ॲपलने २०२१ मध्ये आणली, पण ती त्यांच्या त्यांच्या खात्यांपुरती. वर गूगलने २०२३ मध्येच जाहीर केलंय की दोन वर्षं कुणी फिरकलं नाही तर वैयक्तिक खातं पुसलं जाऊ शकतं.

आता नेहमीचे आक्षेप.

चोर आला तर? घरफोडी करणारा चोर सोनं बघतो, रोकड बघतो. पॉलिसीच्या फाइलमधलं पाकीट उघडून त्यातले सहा शब्द कशाचे असतील यावर तो विचार करत बसत नाही. आणि समजा नेलंच, तर गेलंय हे तुम्हाला कळतं, त्याच दिवशी पासवर्ड बदलता येतो. या पेटीवर टपलेले खरे चोर हजारो मैलांवर बसलेले आहेत, आणि त्यांना नाशिकच्या कपाटातला कागद वाचता येत नाही. कागदाला इंटरनेट नाही हा त्याचा केवढा मोठा गुण आहे!

म्हणूनच "मी फोटो काढून ठेवतो" हे सर्वांत वाईट. फोटो क्षणात क्लाउडवर जातो, फोटोतली अक्षरं आता मशीन वाचतं, आणि एखादा उत्साही भाचा तो फॅमिली ग्रुपवर टाकतो. स्वतःलाच मेल करून ठेवणंही तसंच, वर त्यात एक गंमत. त्या मेलचा पासवर्ड कुठे असतो? मॅनेजरमध्ये! तिजोरीची किल्ली तिजोरीत.

"अर्धा भावाकडे, अर्धा बहिणीकडे" ही आणखी एक आवडती युक्ती. ऐकायला सिनेमातल्या नकाशासारखी. पण दोनपैकी एक तुकडा हरवला की दुसरा कुचकामी, म्हणजे हरवायची भीती दुप्पट केलीत, आणि दोघांनाही अर्धा पासवर्ड सांगून टाकलात. हे गणिताने नीट करायची पद्धत आदी शामीर यांनी १९७९ मध्ये दाखवली आहे, पाचांपैकी कुठलेही तीन तुकडे जमले तरच गुपित उघडतं वगैरे. अप्रतिम आहे. पण तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरात ते गणित करणार कोण?

उलटं लिहिणं, प्रत्येक अक्षर एकाने पुढे सरकवणं, मधला शब्द खोटा घालणं, हेही नको. सहा वर्षांनी ती युक्ती आठवावी लागते. मग पासवर्डच आठवला नसता का?

एक आक्षेप मात्र खरा आहे. कागदही हरवतो. स्टीफन थॉमस नावाच्या प्रोग्रामरची गोष्ट २०२१ मध्ये जगभर छापून आली. ७,००२ बिटकॉइन ज्या पेनड्राइव्हमध्ये अडकलेत त्याचा पासवर्ड त्याने कागदावरच लिहिला होता, आणि कागद हरवला. त्या ड्राइव्हला दहाच प्रयत्न चालतात, तेव्हा त्याचे आठ संपले होते. त्यावरून मी एवढंच म्हणते की कागद एक नको, दोन हवेत, आणि दोन घरांत हवेत. (जयपूरला २०१८ मध्ये वारलेल्या त्या कॅनडाच्या बिटकॉइनवाल्याची गोष्ट मला कुणी सांगू नका. पासवर्ड त्याच्याबरोबर गेले म्हणून लोकांचे पैसे बुडाले असं आधी पसरलं, पण मुळात ती फसवणूक होती असं ओंटारियोच्या नियामकाने २०२० मध्ये जाहीर केलं. वाईट उदाहरणाने चांगला मुद्दा बिघडतो.)

कसा लिहायचा, तेही सांगते, कारण "लिहा" म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पासवर्ड मुळात लिहिण्याजोगा हवा. अर्नोल्ड राइनहोल्डची १९९५ ची डाइसवेअर पद्धत मला सर्वांत आवडते. ७,७७६ शब्दांची यादी असते, सापशिडीचा फासा पाच वेळा टाकायचा, येतील ते पाच आकडे यादीत शोधायचे, एक शब्द मिळाला. असे सहा शब्द. शक्यतांची संख्या चोवीस आकडी होते, आणि वाचणाऱ्याला शून्य की ओ, एक की एल हा घोळ राहत नाही. शब्द फाशानेच निवडायचे. आपल्या मनाने निवडले की मुलांची नावं आणि कुलदैवत येतंच.

मराठीवर कितीही प्रेम असलं तरी पासवर्ड देवनागरीत नको. "दऱ्या" मधला "ऱ" युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतो, एकच अक्षर म्हणून किंवा र आणि खाली नुक्ता म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखे. प्रत्येक ॲप दोन्हींना एकच समजेल याची खात्री नाही. कागद बरोबर, पासवर्ड बरोबर, कीबोर्ड दुसरा, आणि पेटी बंद! मराठी शब्द हवेत तर रोमन लिपीत लिहा.

लिहायला पेन्सिल घ्या किंवा चांगलं बॉलपेन. जेलची शाई आमच्या पावसाळ्यात फुटते, आणि दुकानाच्या पावतीचा गुळगुळीत कागद तर दोन वर्षांत कोरा होतो. लिहून झाला की लगेच, फक्त कागदाकडे बघत, दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो टाइप करून पेटी उघडून पहा. ही पायरी लोक गाळतात. ओटीपीची दुसरी पायरी लावली असेल तर तिचे रिकव्हरी कोडही कागदावर हवेत, नाहीतर मागच्यांकडे पासवर्ड असेल आणि कोड मागणारा फोन नसेल. मी ते वेगळ्या पाकिटात ठेवते. कीपासवाल्यांनो, तुमची पेटी म्हणजे तुमच्याच मशीनवरची एक फाइल आहे. तिचीही प्रत ठेवा, नाहीतर किल्ली राहील आणि पेटी जाईल. कागदावर तारीख घाला, आणि कुठल्या मॅनेजरचा आहे ते कागदावर न लिहिता सांगायच्या माणसाला सांगा.

ते माणूस कोण, हा मात्र प्रत्येकीचा प्रश्न आहे. "नवऱ्याला सांगा" असं मी सरसकट म्हणणार नाही. ज्या घरात फोन तपासले जातात, पगाराचा हिशेब मागितला जातो, तिथे घरातलाच माणूस चोर असतो, आणि तिथल्या बाईसाठी कपाटातला कागद धोक्याचा आहे. तिने तो बहिणीकडे, मैत्रिणीकडे बंद पाकिटात ठेवावा, पाकिटाच्या जोडावर सही करून. पाकीट फोडलं तर कळेल. पण तिनेही ठेवावा. तिच्या मुलांचे फोटो आणि तिची प्रमाणपत्रंही त्याच पेटीत असतात.

बँकेचा लॉकर दुसऱ्या प्रतीला ठीक आहे, पहिल्या प्रतीला नको. रविवारी रात्री हॉस्पिटलच्या बाकावर लॉकर उघडत नाही.

पासवर्ड बदललात तर त्याच दिवशी दोन्ही ठिकाणचे कागद बदला, आणि जुने बारीक फाडून दोन वेगळ्या कचऱ्यात टाका. आणि दादा, तुझा फोन येणारच आहे रात्री, तर आधी कागद लिही आणि मग कर. पासवर्ड सांगू नकोस. कुठे ठेवलायस तेवढं सांग, म्हणजे मी वहिनीला फोन देऊन तो तिला सापडतोय का ते बघते :)